विश्लेषण : आतड्याच्या अस्तराला जळण्यापासून कोण वाचवते? पेशींमधील ‘जगा किंवा मरा’ संदेशांची यंत्रणा काय आहे?

आतड्याचे आतील अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. या थराच्या एका बाजूला लक्षावधी कोटी जिवाणू, तर दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या आणि सदैव सज्ज असलेली प्रतिकारयंत्रणा. इतक्या पातळ भिंतीवर रोज मारा होत असताना ती ढासळत का नाही, आणि काही जणांच्या बाबतीत ती ढासळते ती कशामुळे? याचे एक महत्त्वाचे उत्तर अस्तरातील पेशींच्या आत चालणाऱ्या संदेशवहनात सापडते. पेशीने जगायचे, गुपचूप मरायचे की फुटून मरायचे, हे ठरवणारी ही यंत्रणा ‘क्रोन्स’ आणि ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ यांसारख्या आतड्याच्या चिवट आजारांच्या मुळाशी असल्याचे पुरावे गेल्या दोन दशकांत पुढे आले आहेत.

आतड्याचे अस्तर किती नाजूक?

माणसाच्या आतड्याचा आतील पृष्ठभाग उलगडून पसरला तर टेनिसचे मैदान भरेल, असे अनेक पाठ्यपुस्तकांत सांगितले जात असे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचा पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरला. म्हणजे बॅडमिंटनच्या साधारण अर्ध्या कोर्टाएवढा. तरीही तो त्वचेच्या अनेक पट आहे आणि त्वचेसारखे अनेक थरांचे कवच त्याला नाही. अन्नातील पोषक द्रव्ये रक्तात जायची, तर भिंत पातळच हवी.

या भिंतीतील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसच जगतात. अस्तरात खोलगट खळगे असतात. त्यांच्या तळाशी मूळ पेशी सतत नव्या पेशी तयार करतात, त्या हळूहळू वर सरकतात आणि टोकाला पोहोचल्यावर गळून पडतात. या मूळ पेशींची नेमकी ओळख नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये पटवली. लहान आतड्यात त्यांच्या शेजारीच ‘पॅनेथ’ पेशी असतात. जिवाणूंना रोखणारी प्रथिने स्रवणे आणि मूळ पेशींना आधार देणे, ही त्यांची कामे. दुसऱ्या काही पेशी चिकट स्राव तयार करतात. हा स्राव जिवाणूंना अस्तरापासून अंतरावर ठेवतो.

म्हणजे आतड्यात पेशींचे मरणे ही रोजची गोष्ट आहे. प्रश्न पेशी मरते का, हा नाही. ती कशी मरते, हा आहे.

पेशी मरण्याचे दोन मार्ग कोणते?

पहिला मार्ग शांततेचा. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलेस्टर करी यांनी १९७२ मध्ये त्याला ‘ॲपॉप्टोसिस’ असे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा संबंध पानगळीशी आहे. यात पेशी आकसते, आतील घटकांचे व्यवस्थित तुकडे करते आणि त्यांच्या पुड्या बांधून ठेवते. शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. बाहेर काहीही सांडत नाही, त्यामुळे प्रतिकारयंत्रणा सहसा जागी होत नाही.

दुसरा मार्ग स्फोटाचा. यात पेशी फुगते, तिच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि आतील सारा ऐवज बाहेर सांडतो. आतच राहायला हवेत असे रेणू बाहेर दिसले की प्रतिकारयंत्रणा त्याला धोक्याची घंटा मानते आणि त्या जागी दाह सुरू होतो. पेशीचे असे फुटणे म्हणजे निव्वळ अपघात, असेच बराच काळ मानले जात होते. जुन्यिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, हे फुटणेही ठरवून घडवलेले असू शकते आणि एका रसायनाने ते थांबवताही येते. त्यांनी या प्रकाराला ‘नेक्रोप्टोसिस’ म्हटले. दाह पेटवणारा पेशीमृत्यू म्हणतात तो हाच आणि याच जातीचे आणखी काही प्रकार.

एका थराच्या भिंतीत हा फरक जीवघेणा ठरतो. पानगळीसारखी एक पेशी गेली तर शेजारच्या पेशी सरकून जागा भरतात. पेशी फुटली तर भिंतीला भगदाड पडते, दाह भडकतो, त्या दाहातून आणखी पेशी मरतात आणि भगदाड वाढत जाते.

‘टीएनएफ’ मित्र की शत्रू?

हा निर्णय घ्यायला लावणाऱ्या संदेशांपैकी सर्वांत अभ्यासला गेलेला संदेश म्हणजे ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ अर्थात ‘टीएनएफ’. लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली त्याचे वर्णन केले. उंदरांमधील काही गाठी त्याच्यामुळे सडून जात, म्हणून हे नाव पडले. पुढे लक्षात आले की, हे प्रथिन मुख्यतः प्रतिकारयंत्रणेचा निरोप्या आहे. संसर्ग झाला की प्रतिकारपेशी ते सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना सावध करतात.

गंमत अशी की, निरोगी पेशीवर ‘टीएनएफ’ ओतले तरी बहुतेक वेळा ती मरत नाही. उलट ती जगण्याची आणि लढण्याची तयारी करते. तोच संदेश, तीच पेशी. पण आतील एखादा दुवा निखळला, तर तोच संदेश मृत्युदंड ठरतो. संरक्षणाचे मर्म त्या दुव्यांमध्ये आहे.

संदेश पेशीत शिरल्यावर काय होते?

‘टीएनएफ’ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक-प्रथिनाला चिकटले की, त्या ग्राहकाच्या आतल्या टोकाशी काही सेकंदांत प्रथिनांचा जमाव गोळा होतो. या जमावाच्या मध्यभागी असते ‘आरआयपीके-१’ नावाचे प्रथिन. आपल्या गोष्टीतले मुख्य पात्र हेच. ते पेशीला वाचवूही शकते आणि मारूही शकते. पेशी त्याला तीन कुलपांत बंद करते.

पहिले कुलूप ‘युबिक्विटिन’चे. हे लहानसे प्रथिन एखाद्या खुणेच्या पट्टीसारखे इतर प्रथिनांना जोडले जाते. पेशीतील निकामी प्रथिने मोडीत काढण्यासाठी अशी खूण कशी केली जाते, हे शोधल्याबद्दल ॲरन चिखानोव्हर, अव्रम हर्ष्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण इथे त्या पट्ट्यांच्या साखळ्यांचे काम वेगळे असते. त्या ‘आरआयपीके-१’ला जागेवर जखडून ठेवतात आणि पुढच्या प्रथिनांना टेकायला आधार देतात.

दुसरे कुलूप ‘आयकेके’ या विकराचे. साखळ्यांवर येऊन बसलेले हे विकर ‘आरआयपीके-१’वर थेट फॉस्फेटची मोहोर उमटवते आणि त्याची मारक बाजू बोथट करते. हे काम लगेच होते, जनुकांची वाट पाहावी लागत नाही.

तिसरे कुलूप जनुकांमधून येते. हेच ‘आयकेके’ पेशीतील ‘एनएफ-कप्पा-बी’ या घटकाला मोकळे करते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये शोधलेला हा घटक पेशीच्या केंद्रकात जाऊन शेकडो जनुके चालू करतो. त्यांपैकी काही दाह वाढवतात, तर काही पेशीला जगवणारी प्रथिने बनवतात. ‘सी-फ्लिप’ हे त्यांपैकी एक. ते ‘कॅस्पेस-८’ या कापणाऱ्या विकराला मर्यादेत ठेवते. ‘ए-२०’ हे दुसरे. ते संदेशाचा जोर आवरते आणि पेशीलाही वाचवते. ‘ए-२०’ नसलेले उंदीर जन्मानंतर लवकरच अनेक अवयवांतील दाहाने दगावतात, हे २००० मध्ये दिसले होते.

कुलपे निखळली तर?

पहिली दोन कुलपे सैल पडली तर ‘आरआयपीके-१’ सुटे होते आणि ‘कॅस्पेस-८’ला सोबत घेऊन पेशीला शांत मृत्यूकडे नेते. ‘कॅस्पेस-८’ इथे दुहेरी काम करते. एकीकडे ते पेशीला पानगळीच्या मार्गाने मारू शकते; दुसरीकडे ते ‘आरआयपीके-१’ आणि त्याचा जोडीदार ‘आरआयपीके-३’ यांना कापून स्फोटाचा मार्ग बंद ठेवते.

आणि ‘कॅस्पेस-८’च नसेल तर? मग ‘आरआयपीके-१’ आणि ‘आरआयपीके-३’ एकत्र येतात, ‘आरआयपीके-३’ हे ‘एमएलकेएल’ नावाच्या प्रथिनाला चेतवते आणि ‘एमएलकेएल’चे रेणू झुंडीने पेशीच्या आवरणाकडे जाऊन ते फोडतात. ‘आरआयपीके-३’ची भूमिका २००९ मध्ये आणि ‘एमएलकेएल’ची २०१२ मध्ये उलगडली.

थोडक्यात, पेशीपुढे उतरंड असते. शक्य असेल तर जगायचे. जगणे शक्य नसेल तर शांतपणे मरायचे. तेही अडवले गेले, तरच फुटायचे.

उंदरांवरील प्रयोगांनी काय दाखवले?

‘एनएफ-कप्पा-बी’ दाह वाढवतो, हे आधीपासून माहीत होते. त्यामुळे आतड्यात तो बंद पाडला तर दाह कमी होईल, असा साधा तर्क होता. मॅनोलिस पास्पाराकिस यांच्या गटाने २००७ मध्ये ‘आयकेके’ला आवश्यक असलेला ‘निमो’ हा घटक उंदरांच्या फक्त आतड्याच्या अस्तरातून काढून टाकला. घडले उलटेच. अस्तरातील पेशी मरू लागल्या, जिवाणू आतील थरांत शिरले आणि उंदरांना मोठ्या आतड्याचा तीव्र, दीर्घकालीन दाह झाला. त्याच उंदरांमधून ‘टीएनएफ’चा ग्राहकही काढल्यावर दाहाला आळा बसला. दाहाचा समजला जाणारा संदेश अस्तराच्या पेशींत मात्र रक्षक होता, हे यातून स्पष्ट झाले.

२०११ मध्ये आणखी दोन प्रयोगांनी हे चित्र नेमके केले. जर्मनीतील एर्लांगेन येथील ख्रिस्तोफ बेकर यांच्या गटाने आतड्याच्या अस्तरातून ‘कॅस्पेस-८’ काढले. त्या उंदरांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आपोआप दाह झाला आणि पॅनेथ पेशी नाहीशा झाल्या. कोलोन येथे पास्पाराकिस यांच्या गटाने ‘कॅस्पेस-८’ला जोडणारा ‘फॅड’ हा घटक काढला, तेव्हाही पेशी फुटून आतड्याला दाह झाला. सोबत ‘आरआयपीके-३’ही काढून टाकल्यावर मात्र हे उंदीर त्यातून वाचले. म्हणजे हानी स्फोटाच्या मार्गानेच होत होती.

‘आरआयपीके-१’चे दुटप्पी रूपही उंदरांतच उघड झाले. हे प्रथिन पूर्णपणे नसलेली पिल्ले जन्मानंतर लवकरच मरतात. पण प्रथिन जागेवर ठेवून फक्त त्याची मारक क्रिया बंद केली, तर उंदीर निरोगी वाढतात. मांडव पेलणारा खांब म्हणून ते रक्षक आहे. हातात शस्त्र आले की मारेकरी.

असा धोकादायक मार्ग शरीराने ठेवलाच का?

याचे उत्तर विषाणूंमध्ये आहे. विषाणूला वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते. संसर्ग झालेली पेशी शांतपणे मरून विषाणूचा कारखाना बंद पाडू शकते. त्यावर उपाय म्हणून काही विषाणूंनी ‘कॅस्पेस’ विकरांना अडवणारी प्रथिने कमावली. गोदेवी विषाणूकडे असे प्रथिन आहे, सायटोमेगॅलो विषाणूकडेही आहे. शांत मृत्यूचा मार्ग असा अडवला गेला की, पेशीकडे स्फोटाचा राखीव मार्ग उरतो. पेशी फुटते आणि फुटताना प्रतिकारयंत्रणेलाही बोलावते. संसर्गात हा फायदा आहे. पण आतड्यात, जिथे पलीकडे जिवाणूंचा सागर आहे, तिथे हाच राखीव मार्ग विनाकारण उघडला तर कुंपणच शेत खाऊ लागते.

माणसांमध्ये याचा पुरावा काय?

बेकर यांच्या गटाने २०११ मध्येच क्रोन्सच्या रुग्णांचे आतड्याचे नमुने तपासले. दाह असलेल्या भागात पॅनेथ पेशी कमी झाल्या होत्या, त्यांच्यात ‘आरआयपीके-३’चे प्रमाण जास्त होते आणि पेशी फुटून मेल्याच्या खुणा होत्या.

याहून थेट पुरावा दुर्मीळ जनुकीय आजारांतून मिळाला. ‘आरआयपीके-१’च्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या चार रुग्णांची माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना वारंवार संसर्ग, सांधेदाह आणि कोवळ्या वयातच आतड्याचा दाह होत होता. त्यांपैकी एकाला मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाने आराम पडला. या उपचारात रक्तातील प्रतिकारपेशी बदलतात, अस्तर नाही. म्हणजे या आजारात प्रतिकारपेशींचाही मोठा वाटा असतो. जन्मतः ‘कॅस्पेस-८’ची उणीव असलेल्या बालकांमध्येही आतड्याचा तीव्र दाह आढळला आहे. ‘ए-२०’च्या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्या कुटुंबांमध्ये तोंडातील व्रण, ताप आणि पचनमार्गाचा दाह दिसतो, हे २०१६ मध्ये नोंदवले गेले.

सर्वसामान्य रुग्णांत एकच जनुक बिघडलेले नसते. अनुवंश, आतड्यातील जिवाणू, आहार, धूम्रपान, आधीचे संसर्ग असे अनेक घटक मिळून तोल जातो. पेशींचे फुटणे हे त्यांच्या बाबतीत मूळ कारण की भडकलेल्या दाहाचा परिणाम, यावर अजून संशोधन सुरू आहे. मात्र दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात, यावर बरेच एकमत आहे.

आतड्यातील जिवाणू या नाटकात कोणत्या बाजूला?

दोन्ही बाजूंना. ‘फॅड’ नसलेल्या उंदरांच्या आतड्यातील जिवाणू नाहीसे केले, तेव्हा मोठ्या आतड्याचा दाह ओसरला. म्हणजे भिंत कमकुवत असेल तर जिवाणू आगीत तेल ओततात. पण भिंत धड असेल तर त्यांचाच आधार असतो. रुस्लान मेझिटोव्ह यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की, प्रतिजैविकांनी नेहमीचे जिवाणू नष्ट केलेल्या उंदरांमध्ये आतड्याची रासायनिक इजा कितीतरी जास्त घातक ठरते. जिवाणूंची चाहूल अस्तराला सौम्यपणे मिळत राहिली तर दुरुस्तीची यंत्रणा सज्ज राहते. शिवाय तंतुमय अन्न आंबवून काही जिवाणू ‘ब्युटिरेट’ तयार करतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य इंधन आहे.

याशिवाय प्रतिकारपेशी सोडत असलेला ‘इंटरल्यूकिन-२२’ हा संदेशही अस्तराच्या मूळ पेशींना नव्या पेशी बनवायला उद्युक्त करतो. जळालेली जागा भरून काढणे हाही संरक्षणाचाच भाग आहे.

रुग्णांना याचा उपयोग काय?

‘टीएनएफ’ला बाहेरच पकडणारे ‘इन्फ्लिक्झिमॅब’ हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी मंजूर झाले आणि उपचारांचा चेहरामोहरा बदलला. अनेकांची शस्त्रक्रिया टळली. परंतु काही रुग्णांना त्याचा सुरुवातीपासूनच पुरेसा उपयोग होत नाही, तर काहींच्या बाबतीत परिणाम काही काळाने ओसरतो.

भारतात आणखी एक अडचण आहे. शरीरात दबलेल्या क्षयरोगाच्या जिवाणूंना वेढा घालून ठेवण्यात ‘टीएनएफ’चा मोठा वाटा असतो. ते रोखले की वेढा सुटतो आणि दबलेला क्षय उफाळू शकतो. जगातील साधारण एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यामुळे हे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या चाचण्या करून घेणे अत्यावश्यक ठरते. त्यातच आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे, दुर्बिणीतून दिसणारे व्रण, अगदी सूक्ष्मदर्शकाखालचे चित्रही सारखे असू शकते. एकाला दुसरे समजून उपचार झाले तर नुकसान मोठे होते. हे आजार फक्त पाश्चात्त्यांचे, हा समजही खरा नाही. पंजाबमधील पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे सुमारे ४४ रुग्ण आढळल्याचे २००३ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

म्हणूनच संदेश बाहेर रोखण्यापेक्षा पेशीच्या आतील मारेकऱ्याचे शस्त्र काढून घेता येईल का, हा विचार पुढे आला. ‘आरआयपीके-१’ची फक्त मारक क्रिया थांबवणारी औषधे तयार झाली. त्यांपैकी एकाची अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांवर छोटी चाचणी झाली. औषध सुरक्षित वाटले, पण नकली गोळीच्या तुलनेत ठळक फायदा दिसला नाही.

मग हा मार्ग फसला का?

एका चाचणीवरून तसे म्हणता येत नाही. मात्र ती का फसली असावी, याचे धागे मिळाले आहेत. ‘आरआयपीके-३’ला चेतवणारे ‘आरआयपीके-१’ एकटेच नाही. ‘झेडबीपी-१’ नावाचे प्रथिन हे काम ‘आरआयपीके-१’शिवायही करू शकते. अस्तराच्या मूळ पेशींमधील जनुकीय शिस्त बिघडली की ‘झेडबीपी-१’ जागे होते आणि मूळ पेशीच फुटतात, हे उंदरांवरील प्रयोगांत २०२० मध्ये दिसले. पुढचे दार बंद केले तरी मागचे उघडे राहते, असा हा प्रकार. शिवाय कोणत्या रुग्णात पेशी कोणत्या मार्गाने मरत आहेत, हे न तपासता सर्वांना एकच औषध दिले तर परिणाम विरून जातो.

पुढील संशोधनाचा रोख म्हणूनच दुहेरी आहे. आतड्याच्या नमुन्यातून मृत्यूचा मार्ग ओळखून त्यानुसार रुग्ण निवडायचे, हा एक. मारेकऱ्याला रोखण्याबरोबरच अस्तराची दुरुस्ती वेगाने कशी होईल हे पाहायचे, हा दुसरा. आजवरच्या बहुतेक औषधांनी प्रतिकारयंत्रणेला आवरण्यावर भर दिला आणि त्याची किंमत संसर्गाच्या धोक्याने मोजावी लागली. भिंत धड ठेवता आली, तर पहारेकऱ्यांना झोपवावे लागणार नाही.

तोपर्यंत रुग्णांसाठी जुनाच सल्ला महत्त्वाचा ठरतो. काही आठवडे न थांबणारे जुलाब, शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी ही लक्षणे ‘पोट बिघडले आहे’ म्हणून अंगावर काढू नयेत. पेशींच्या आत सुरू झालेली आग बाहेर दिसेपर्यंत अस्तराचे बरेच नुकसान झालेले असू शकते. निदान जितके लवकर, तितके अस्तर वाचण्याची शक्यता अधिक.